टेस्टामेंट बायकोला कसं ऐकवू?

सातारचे एक वाचक लिहितात :

‘वय 41, नोकरी करतो. इंजिनिअरिंगला असताना होस्टेलवर रूममेटच्या कॉम्प्युटरवर टेस्टामेंट या अमेरिकन थ्रॅश मेटल बँडची गाणी पहिल्यांदा ऐकली, ती आजतागायत सुटली नाहीत. मेटॅलिका म्हटलं की लोक निदान मान डोलावतात, टेस्टामेंट म्हटलं की “कोण?” असं विचारतात. त्याची आता सवय झाली. अडचण घरातली आहे. बायको संगीत विशारद आहे, सकाळी रियाज करते. मागच्या महिन्यात गाडीत माझी गाणी लागली होती. तिने विचारलं, “यात तुला नेमकं काय आवडतं रे? आणि हा माणूस एवढा चिडलेला का आहे?” टोमणा नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मला काही सांगता येईना. शेवटी म्हणालो, “जाऊ दे, तुला नाही कळणार.” ती गप्प झाली. तेव्हापासून मी रात्री सगळे झोपले की हेडफोन लावून फुल आवाजात दोन-दोन तास ऐकतो. त्यांच्या “ओव्हर द वॉल” या गाण्यातला गिटारचा सोलो लागला की आजही अंगावर काटा येतो. का येतो, हे तिला कसं सांगू? की चाळिशी ओलांडल्यावर हे ऐकणं हाच पोरकटपणा आहे?’

नमस्कार,

तुमच्या बायकोचे दोन्ही प्रश्न जाणत्या कानाच्या माणसाचे आहेत. तिने ‘हे काय लावलंयस’ असं म्हटलं नाही, ‘बंद कर’ असंही म्हटलं नाही. विशारदपर्यंत शिकलेल्या माणसाला गुरूसमोर बसून हेच शिकावं लागतं : अमुक जागा चांगली का लागली, तमक्याचा आवाज असा का लागतो. तिने तुमच्या गाण्याला तोच मान दिला, आणि तुम्ही तिला दारातून परत पाठवलंत. म्हणून गाणंबिणं नंतर. आधी तिच्याजवळ बसा आणि ‘त्या दिवशी तू चांगलं विचारलं होतंस, मला उत्तर सुचलं नाही म्हणून मी तुला उडवून लावलं’ एवढं सरळ सांगा. त्याला सजवू नका, आणि लगेच मोबाइल काढून गाणं लावू नका. दोन दिवस जाऊ द्या.

आता उत्तराकडे येऊ. तुम्हाला उत्तर सुचलं नाही, कारण बहुधा तुम्ही पुरावे शोधत होता. थ्रॅश ऐकणाऱ्या आपल्या लोकांना ही खोड लागलेली असते. हे संगीत म्हणजे नुसता गोंगाट, असं इतक्यांदा ऐकलेलं असतं की कुणी साधं काही विचारलं तरी आपण वकिली सुरू करतो : वेग बघ केवढा, हे वाजवायला किती अवघड आहे, याच्यावर किती जणांनी शिकून घेतलंय. यातलं काही खोटं नाही. पण अवघड आहे म्हणून कुणाला काही आवडत नसतं. तुमच्या बायकोने अतिद्रुत लयीतल्या ताना घोटलेल्या आहेत, वेगाचं कौतुक तिला तुम्ही काय सांगणार!

त्याच पेटीतलं दुसरं हत्यारही बाजूला ठेवा. मेटॅलिका, स्लेयर, मेगाडेथ, अँथ्रॅक्स या चौघांना ‘बिग फोर’ म्हणतात आणि टेस्टामेंटला त्यात जागा मिळाली नाही, हे शल्य आपल्यातल्या प्रत्येकाच्या मनात असतं. माझ्याही आहे. पण त्यात मोठा वाटा वेळेचा होता. मेटॅलिका आणि स्लेयरचे पहिले अल्बम 1983 चे, अँथ्रॅक्सचा 1984 चा, मेगाडेथचा 1985 चा. टेस्टामेंटचा ‘द लेगसी’ आला 1987 मध्ये, तोवर पंगत बसून गेली होती. 1990 मध्ये युरोपात ‘क्लॅश ऑफ द टायटन्स’ हा दौरा झाला तेव्हा स्लेयर आणि मेगाडेथच्या बरोबरीने टेस्टामेंट होता, पुढच्या वर्षी तोच दौरा अमेरिकेत गेला तेव्हा टेस्टामेंटच्या जागी अँथ्रॅक्स आला. हे सगळं तुम्ही माझ्याशी रात्रभर बोला, मला आनंदच आहे. बायकोला त्याचं काय? तिला एक गाणं ऐकायचंय आणि तुमच्या अंगावर काटा का येतो ते समजून घ्यायचंय. हा चौथ्या-पाचव्या नंबरचा हिशेब मध्ये आणलात की तिचा प्रश्न हरवतो.

तिला सांगायचंच असेल, तर हे लोक कुठून आले ते सांगा. तिथे तिला धागा सापडेल. सॅन फ्रान्सिस्कोच्या समोर, खाडीच्या पलीकडच्या काठावर बर्कली आणि ओकलंड ही शहरं आहेत. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या पोरांनी इंग्लंडहून येणारं नवं हेवी मेटल उचललं, त्यात हार्डकोर पंकचा वेग आणि रासवटपणा मिसळला आणि वेगळंच काही तयार केलं, तेच थ्रॅश. मेटॅलिका लॉस एंजलिसमध्ये जन्मला खरा, पण बेस वाजवायला त्यांना हवा असलेला क्लिफ बर्टन ‘तुम्ही इकडे या, मी तिकडे येणार नाही’ यावर अडून बसला, म्हणून 1983 मध्ये सगळा बँड बिऱ्हाड घेऊन खाडीकाठी आला. बर्कलीत ‘रूथीज इन’ नावाचा क्लब होता, तिथे ही सगळी मंडळी एकमेकांसमोर वाजवत आणि एकमेकांची माणसं पळवत. एक्सोडस या बँडचा कर्क हॅमेट मेटॅलिकात गेला. टेस्टामेंटचं तेव्हाचं नाव ‘लेगसी’ होतं, त्यांचा गायक स्टीव्ह सूझा 1986 मध्ये एक्सोडसमध्ये गेला आणि जाताना आपल्या जागी चक बिली नावाच्या धिप्पाड माणसाचं नाव सुचवून गेला. लेगसी हे नाव आधीच दुसऱ्या कुणाचं निघालं, म्हणून बँडचं नाव बदलून टेस्टामेंट झालं आणि जुनं नाव पहिल्या अल्बमला देऊन टाकलं.

आणि एक गोष्ट तर तुमच्या बायकोला नक्की सांगा. बर्कलीतच गिटारच्या एका दुकानात जो सॅट्रियानी नावाचा तरुण शिकवण्या घ्यायचा. पुढे तो स्वतः जगभर गाजला, पण तेव्हा तो गल्लीतला मास्तर होता. त्याच्याकडे मेटॅलिकाचा कर्क हॅमेट शिकला, पझेस्ड या बँडचा लॅरी ललॉन्ड शिकला, आणि टेस्टामेंटचा अलेक्स स्कोलनिकही शिकला. ज्या संगीताला लोक बेशिस्त समजतात, त्यातले तीन-तीन वादक एका मास्तरच्या हाताखालून गेलेले आहेत. स्वरसप्तकं घोटणं, मेट्रोनोमवर लय बांधणं, एकच वाक्य हातात बसेपर्यंत वाजवणं, हे त्यांनी तरुण वयातच केलं. गुरूकडे बसून शिकलेल्या बाईला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

आता तुमचा ‘ओव्हर द वॉल’. तुरुंगाची भिंत ओलांडून पळू पाहणाऱ्या माणसाचं गाणं, पहिल्या अल्बममधलं पहिलंच. हे तिला आधी दोन वाक्यांत सांगून टाका, म्हणजे शब्द कळत नाहीत म्हणून ती अडणार नाही. मग गाणं अख्खं एकदम ऐकवू नका. आधी नुसती गिटार ऐकायला सांगा, तीही एरिक पीटरसनची. सोलोवर जीव टाकणारे आपण पीटरसनला विसरतो, आणि हा अन्याय आहे. बँड सुरू झाल्यापासून आजपर्यंत कायम टिकलेला तो एकमेव माणूस, आणि टेस्टामेंटचं गाणं ज्यावर उभं राहतं ते रिफ बहुतेक त्याचेच. रिफ म्हणजे गिटारचं फिरून फिरून येणारं वाक्य, हे तिला सांगितलं की पुरे.

थ्रॅशमध्ये हे वाक्य कसं वाजतं ते हाताने दाखवा. घरात गिटार नसली तरी चालेल, हवेत दाखवा. उजव्या तळव्याची कड तारांवर, ब्रिजपाशी, म्हणजे गिटारच्या अंगावर तारा जिथे टेकतात तिथे, हलकेच टेकवायची. तार पूर्ण दाबली तर सूर मरतो, मोकळी सोडली तर घुमत राहते. या दोन्हींच्या मधे कड टेकली की तार ‘धक्’ करून थांबते, घुमत नाही. असे बंद आघात पाठोपाठ, बहुतेकदा प्लेक्ट्रम, म्हणजे तार छेडायची चकती, खालच्याच दिशेने मारत, आणि मध्येच तळवा उचलून एक-दोन सूर मोकळे सोडायचे. बंद-बंद-बंद-उघडा. रिफची सगळी मजा या बंद आणि उघड्याच्या हिशेबात आहे. आपल्याकडे तबल्यावर बंद बोल आणि खुले बोल असतातच, त्यामुळे हे तिच्या कानाला एका झटक्यात कळेल. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला थ्रॅशची भिंत वाटते, कारण कुठे बघायचं ते कुणी सांगितलेलं नसतं. तळव्याची ती उघडझाप एकदा कानाला सापडली की भिंतीत खिडक्या दिसायला लागतात.

मग सोलो, म्हणजे गिटारवाल्याने एकट्याने पुढे येऊन वाजवलेला तुकडा. ‘द लेगसी’ आला तेव्हा स्कोलनिक अठरा वर्षांचा होता. आई-वडील दोघंही विद्यापीठीय पेशातले, घरात पुस्तकं, आणि हा पोरगा पंधरा-सोळाव्या वर्षी या बँडमध्ये शिरलेला. त्याच्या काळातले कितीतरी गिटारवाले सोलो आला की तारा ओरबाडून मोकळे होत. काही बँडमध्ये ते शोभतंही, स्लेयरची धग त्याच ओरबाडण्यात आहे. स्कोलनिकचा सोलो मात्र गाता येतो. त्यात वाक्यं असतात, वाक्यांना श्वास असतो. वेगाने चार पायऱ्या चढून तो एखादा सूर धरतो, तार ओढून त्याला वर नेतो आणि तिथे थोडा थरथरवत ठेवतो. खाली पीटरसन आणि ड्रमवाला लुई क्लेमेंटे यांची धावपळ चालूच असते, वर हा मुलगा एका सुरावर उभा. तुमच्या अंगावर काटा येतो तो माझ्या अंदाजाने या ओढीपाशी. पण माझा अंदाज कशाला? आज रात्री कागद-पेन घेऊन बसा आणि शोधा. सोलो सुरू होतो तेव्हा येतो का? मधल्या एखाद्या सुरावर येतो? की सोलो संपून मूळ रिफ पुन्हा अंगावर येतो तेव्हा? प्लेअरवरची मिनिटं-सेकंद लिहून काढा.

माझं सांगणं एवढंच आहे : बायकोला संगीतप्रकार समजावू नका, जागा दाखवा. ‘थ्रॅश मेटल का चांगलं’ याचं उत्तर तुमच्याकडे नाही, माझ्याकडेही नाही. ‘या सेकंदाला माझं असं होतं’ याचं उत्तर फक्त तुमच्याकडे आहे. ती जागा लावा, संपली की थांबवा आणि म्हणा, ‘इथे.’ पुन्हा लावा. तिला वाटलं तर तीच विचारेल की तार ओढून सूर चढवतात का, मग याला मींड म्हणायचं का. विचारलं तर हो म्हणा. पण तुम्ही आपणहून ‘हे आपल्या अमक्यासारखं आहे’ असं लावून देऊ नका. ख्याल तिचा आहे, सारखेपणा दिसला तर तिला दिसू दे. मी वर तबल्याचं नाव काढलं ते तुमच्यासाठी.

दुसरा प्रश्न, हा माणूस एवढा चिडलेला का आहे. याला दोन उत्तरं आहेत. एक सरळ आहे : तो आवाज लावण्याचा प्रकार आहे. चक बिली ओरडतो तेव्हाही पट्टी सांभाळून असतो, आणि त्याच्याकडे एकच आवाज नाही. पहिल्या अल्बमवर धारदार आणि वरचा, 1992 च्या ‘द रिच्युअल’वर चक्क मोकळं गाणं, 1999 च्या ‘द गॅदरिंग’वर खालून येणारी गुरगुर, आणि अलीकडच्या अल्बमांत एकाच गाण्यात हे सगळं. स्टेजवर तर तो चिडलेला दिसतच नाही. छोटासा माइक स्टँड हातात आडवा धरून तो गिटारवाल्यांच्या बरोबरीने खोटी गिटार वाजवत फिरतो, मोठा देह आणि चेहऱ्यावर हसू. एखादा कार्यक्रम यूट्यूबवर दाखवा, तिचा अर्धा प्रश्न तिथेच सुटेल.

दुसरं उत्तर मात्र सावकाश सांगायचं आहे. चक बिली हा वडिलांकडून पोमो, म्हणजे उत्तर कॅलिफोर्नियातल्या मूळ रहिवाशांपैकी. आई मेक्सिकन वंशाची. 1994 च्या ‘लो’ या अल्बमवर ‘ट्रेल ऑफ टिअर्स’ नावाचं संथ, भारलेलं गाणं आहे. 1830 मध्ये अमेरिकेने कायदा करून आग्नेयेकडच्या मूळ जमातींना त्यांच्या जमिनींवरून हुसकलं. 1838-39 मध्ये चेरोकी लोकांना सैन्याच्या पहाऱ्यात मिसिसिपीच्या पलीकडे, आजच्या ओक्लाहोमात नेण्यात आलं आणि वाटेत हजारो माणसं थंडीने, भुकेने, आजाराने मेली. ते हे गाणं. पोमोंचा प्रदेश वेगळा, त्यांचा इतिहास वेगळा, पण जमीन गेल्याचं दुःख तेच. 2012 मध्ये ‘नेटिव्ह ब्लड’ आलं, त्यात तर तो सरळ आपल्याच रक्ताबद्दल गातो. तेव्हा हा माणूस कधीकधी खरंच चिडलेला आहे, आणि त्याला कारण आहे.

पण चिडका माणूस म्हणून त्याला तिच्यासमोर उभं करू नका, कारण त्याच्या आयुष्यातली मला सगळ्यांत मोलाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. 2001 मध्ये त्याच्या छातीत, हृदयाजवळ कर्करोगाची गाठ निघाली. त्या वर्षी ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्याच्या उपचारांच्या खर्चासाठी ‘थ्रॅश ऑफ द टायटन्स’ हा कार्यक्रम झाला. डेथ बँडचा चक शुल्डिनर हाही तेव्हा मेंदूतल्या गाठीशी झुंजत होता, मदत दोघांसाठी होती. शुल्डिनर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गेला. त्या कार्यक्रमाला कोण कोण आलं ते बघा. वर्षानुवर्षं एकमेकांशी न बोलणारे, बंद पडलेले, विखुरलेले खाडीकाठचे बँड त्या एका रात्रीसाठी पुन्हा उभे राहिले. एक्सोडस आला, हीदन आला, व्हायोलन्स आला. फिलिपिनो वंशाच्या चुलत-मावस भावंडांनी शाळकरी वयात काढलेला डेथ एंजल हा बँड 1991 पासून बंद होता, तो त्या रात्रीसाठी जमला आणि मग थांबलाच नाही, आजही वाजवतो आहे. टेस्टामेंटच्या आधीचा लेगसीसुद्धा सूझासह मंचावर आला. लोक थ्रॅशला द्वेषाचं संगीत म्हणतात, त्यांना ही एक रात्र सांगावी. चक बिली बरा झाला आणि परत गायला लागला.

स्कोलनिकचं काय झालं, हेही तिला आवडेल. ‘द रिच्युअल’नंतर तो बँड सोडून गेला. मेटल पुरेनासं झालं होतं, त्याला जॅझ शिकायचं होतं. नाव झालेलं असताना तो न्यूयॉर्कला गेला आणि पुन्हा विद्यार्थी म्हणून वर्गात बसला, रीतसर पदवी घेतली. मग डबल बास आणि ड्रमवाल्याला घेऊन स्वतःचं त्रिकूट काढलं आणि हेवी मेटलची जुनी गाणी जॅझच्या अंगाने वाजवली. त्यांचा पहिला अल्बम 2002 चा. 2014 मध्ये जगभरातल्या वादकांना बरोबर घेऊन एक अकूस्टिक अल्बमही केला. आणि 2005 मध्ये तो टेस्टामेंटमध्ये परतला, 2008 च्या ‘द फॉर्मेशन ऑफ डॅम्नेशन’वर त्याचा हात ऐका. सोळा वर्षांनी तो बँडबरोबर नवी गाणी करत होता. वेग तोच, पण सुरांची निवड प्रौढ झालेली. घराणं सोडून दुसरीकडे शिकायला गेलेला आणि तिथलं घेऊन परत आलेला गवई तुमच्या बायकोला नवा नाही.

एक मोह मात्र टाळा. ‘रिटर्न टु सेरेनिटी’ हे ‘द रिच्युअल’मधलं हळुवार गाणं आधी लावायचा मोह तुम्हाला होणार. सुंदर गाणं आहे, चक बिलीचा मोकळा आवाज त्यात ऐकावा असाच. पण सुरुवात त्याने केलीत तर तुम्ही बाकीच्या गाण्यांबद्दल माफी मागितल्यासारखं होईल, आणि पुढचं वेगवान गाणं लागताच ती म्हणेल, मघाचं बरं होतं. तेच त्या जॅझच्या अल्बमचं. ही आमिषं नव्हेत. मधली वाट हवीच असेल तर ‘द न्यू ऑर्डर’ या 1988 च्या अल्बममधलं पहिलं गाणं घ्या, ‘ईरी इनहॅबिटंट्स’. त्यात आधी स्वच्छ, शांत गिटार येते, वातावरण भरत जातं आणि मग बँड कोसळतो. शांततेतून वेग कसा काढला ते त्यात उघड दिसतं. त्याच अल्बमच्या शेवटी ‘म्युझिकल डेथ’ हा नुसत्या वाद्यांचा तुकडा आहे, शब्दच नाहीत, तोही चालेल.

आता तुमच्या पत्राबद्दल एक बोलते, राग मानू नका. मूळ पत्र बरंच लांब होतं, इथे छापताना मी ते कापलं. टेस्टामेंटवर तुम्ही पानभर लिहिलंत, ड्रमवाले किती बदलले इथपासून कुठल्या अल्बमचं मुखपृष्ठ कसं इथपर्यंत. बायकोच्या गाण्यावर एक वाक्य आहे, ‘सकाळी रियाज करते’. ती काय गाते? सध्या कुठला राग घोटते आहे? तिच्या अंगावर काटा कुठे येतो? तुम्हाला हे ठाऊक असेलही, पण पत्रात नाही. तिने तुम्हाला जे विचारलं ते तुम्ही तिला कधी विचारलंत का? नसेल तर या निमित्ताने विचारा, आणि स्वतःचं गाणं ऐकवायच्या आधी विचारा. तिने एखादी जागा दाखवली तर ती नीट ऐका, हातातला मोबाइल उलटा ठेवून. देवाणघेवाण म्हणून करू नका, ते तिला लगेच कळेल. खरंच जाणून घ्यायचं म्हणून विचारा, तिने विचारलं तसं.

काही व्यवहाराच्या गोष्टी. मोबाइलच्या स्पीकरवर थ्रॅश कधीही कुणाला ऐकवू नये. बेस आणि दोन पायांनी वाजणारा तो खालचा ड्रम त्यात गायब होतो, उरतो तो पत्र्याचा कर्कशपणा, आणि लोक त्यालाच थ्रॅश समजतात. गाडीही नको, इंजिनाचा आवाज नेमका तोच खालचा भाग खाऊन टाकतो. बरे स्पीकर घ्या किंवा कुणाचे आणा, आवाज मध्यम ठेवा, बोललेलं ऐकू येईल इतका. एका वेळी एकच गाणं. ते चालू असताना तिच्या चेहऱ्याकडे टक लावून बघू नका, परीक्षेला बसल्यासारखं वाटतं.

आणि रात्रीच्या त्या हेडफोनचं बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाने 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तासांपर्यंत ऐकावा, आवाज जितका चढवाल तितके ते तास झपाट्याने कमी होत जातात. फुल आवाजात रोज दोन तास म्हणजे तुम्ही कानाचं नुकसान करून घेताय. कानात शिट्टी वाजू लागली की ती बऱ्याचदा कायमची मुक्कामाला येते, आणि मग स्कोलनिकचे वरचे सूर सगळ्यांत आधी जातात. आवाज आजच खाली आणा. घरात उघडपणे ऐकायला लागलात तर तो लपूनछपून चढवावासाही वाटणार नाही.

एवढं सगळं करून ती म्हणाली, ‘कळलं, पण मला नाही आवडलं’, तर? तर ते उत्तर तसंच घ्या. कळणं आणि आवडणं यांत तुमच्या लग्नाला पुरेल एवढी जागा आहे. ‘अजून एक ऐक, मग आवडेल’ असं म्हणून दुसरं लावू नका. महिन्या-दोन महिन्यांनी ती कधीतरी स्वयंपाकघरातून विचारेल, ‘हा तोच ना, तार ओढणारा?’ न विचारलं तरी हरकत नाही, तुम्ही हेडफोन काढून ऐकू शकलात तरी पुष्कळ झालं.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाला मी फार वेळ देणार नाही. चक बिलीचा जन्म 1962 चा, स्कोलनिकचा 1968 चा. 2020 च्या सुरुवातीला एक्सोडस आणि डेथ एंजलबरोबरचा युरोप दौरा करून परतताना चक बिलीला कोरोना झाला, त्यातूनही तो उठला, आणि 2025 च्या ऑक्टोबरमध्ये त्यांचा ‘पॅरा बेलम’ आला. ही माणसं साठीच्या आसपास ते वाजवतायत आणि त्यांच्यासमोर उभे राहणारे कितीतरी लोक तुमच्याहून मोठे आहेत. चाळिशी हे ऐकण्याचं चांगलं वय आहे. ‘पॅरा बेलम’ अजून ऐकला नसेल तर पहिल्यांदा एकट्याने ऐका, दिवसाउजेडी, स्पीकरवर.